अंगठा चालेल

३ मार्च, सोमवार

आज कामावर रुजू झालो. निवडणूक तक्रार निवारण कक्ष, तळमजला, जिन्याखालची खोली. काम तात्पुरते आहे, तक्रारी संपेपर्यंत. साहेब म्हणाले, "नीट केलंस तर पुढचं पुढे बघू." नववीत शाळा सुटली हे मी अर्जात लिहिले होते. त्याबद्दल ते काही विचारतील म्हणून मी रात्रभर उत्तर पाठ केले होते. त्यांनी फक्त माझे अक्षर बघितले आणि म्हणाले, "मोत्यासारखं आहे. हाच हवा."

दारावरच्या पाटीत 'निवारण'मधला ण चुकून न काढला आहे. पहिल्याच दिवशी बोलणे बरे नाही. आठवड्याने सांगेन.

खोलीत आम्ही तिघे. साहेब, मी आणि एक ज्येष्ठ बाई, त्यांना सगळे टाचणीबाई म्हणतात. कागद टाचतात म्हणून असेल असे मला वाटले. दुपारपर्यंत कळले की बोलतातही तशाच. काम त्यांनीच समजावले. तक्रार आली की जबाब घ्यायचा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे ती अहवालासाठी पाठवायची. अहवाल आला की तक्रार निकाली.

मी विचारले, "ज्याच्याविरुद्ध आहे, त्याच्याचकडे?"

"मग काय शेजाऱ्याकडे पाठवू? तिथे काय झालं ते त्यालाच ठाऊक ना."

हे मला पटले.

भिंतीवर फळा आहे. आलेल्या, निकाली, शिल्लक. आकडे साहेब स्वतः खडूने लिहितात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणाले, "शिल्लक शून्य झाली की आपण सुटलो."


५ मार्च, बुधवार

एक गृहस्थ आले. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, आणि या निवडणुकीत वडिलांचे मत पडले. साहेबांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ज्याच्या नावावर मत पडलं त्याचा जबाब लागतो. वडिलांना घेऊन या."

गृहस्थ म्हणाले, "साहेब, थट्टा करताय?"

"मी कशाला करू? नियम आहे. त्यांचा जबाब नाही, तर तक्रार कुणाची?"

गृहस्थ निघून गेले. फळ्यावर निकालीत एक वाढली. टाचणीबाई म्हणाल्या, "मेलेला माणूस मत द्यायला येतो, तक्रार द्यायला मात्र त्याला वेळ नाही." मला हसू आले, पण साहेब होते म्हणून मी खाली बघितले. नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण जबाबाशिवाय तक्रार घेतली तर कुणीही उठून काहीही सांगेल, हेही खरे.


९ मार्च, रविवार

मावशी म्हणते मी सगळे लिहून ठेवतो, तर हेही लिहितो.

मावशी इस्पितळाच्या लाँड्रीत आहे. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच. आज कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सहज म्हणाली, "माझं मत कुणीतरी देऊन टाकलं बरं का." जणू छत्री कुणी नेली.

मतदानाच्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. दुपारी गेली. यादीत तिच्या नावापुढे आधीच अंगठा उठवलेला होता. केंद्रावरचे मुख्य म्हणजे इथल्याच शाळेचे हेडमास्तर. ते म्हणाले, "बाई, तुमचं मत झालंय." ती म्हणाली, "मी अंगठा लावत नाही. मी सही करते." ते म्हणाले, "मागे रांग आहे."

ती परत आली. इतके दिवस बोलली नाही.

सही तिला मी शिकवली आहे, चौथीत असताना. माझ्या पाटीवर मी काढायचो आणि ती त्यावरून गिरवायची. पगाराच्या दिवशी पहिल्यांदा सही केली तेव्हा मुकादमाने पेढे वाटल्यासारखी ती सगळ्यांना दाखवली होती. अजूनही कुठे सही करायची असली की ती आधी हात पुसते.

मी म्हणालो, तक्रार दे.

"जाऊ दे रे. एका मताने कुणाचं राज्य बुडतंय?"

"मावशी, मी आहे तिथे."

तिने हातातली घडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मत गेलं तर गेलं. पण माझ्या नावापुढे कुणाचा तरी अंगठा आहे, ते मला झोपू देत नाही. तेवढा काढता येईल का?"

मी म्हणालो, येईल.


११ मार्च, मंगळवार

मावशीचा जबाब घेतला. नात्यातला असल्याने मी घ्यावा की नाही, असे साहेबांना विचारले. ते म्हणाले, "उलट बरं. आपलं माणूस नीट सांगेल." फार मोठ्या मनाचे आहेत.

मावशी लाँड्रीतून परस्पर आली होती. खुर्चीच्या टोकावर बसली. मला ती 'अहो' म्हणाली. मी म्हणालो, असं नको बोलूस. ती हळूच म्हणाली, "हापिसात आहेस ना."

एकेक प्रश्न मी वाचला. एक प्रश्न असा होता : मतदानाच्या दिवशी बोटावर खूण होती काय?

ती हसली. "एक बोट काय विचारतोस? दहाच्या दहा निळी होती. चादरी निळीत काढल्या होत्या त्या दिवशी."

मी विचारात पडलो. शाई तर तिला लावलीच नव्हती. 'नाही' लिहिले आणि केंद्रावर कुणी तिची निळी बोटे पाहिली असली, तर ती खोटी ठरेल. तक्रारीत एक जागा पोकळ राहिली की सगळी तक्रार पडते, हे मी आठ दिवसांत पाहिले आहे. म्हणून पूर्ण खरे तेच लिहिले : 'होय. परंतु ती मतदानाची शाई नसून कपड्यांची नीळ होती. अर्जदार लाँड्रीत काम करते.'

वाचून दाखवले. मावशी म्हणाली, "वकिलासारखं लिहिलंस." हात पदराला पुसून तिने सही केली. सही छान आली.


१७ मार्च, सोमवार

जबाब संगणकात भरायचे काम आज माझ्याकडे आले. त्या प्रश्नाला तिथे दोनच चौकोन आहेत, होय आणि नाही. मजकूर लिहायला जागा नाही. मी बराच वेळ बसून राहिलो. जबाबाची सुरुवात 'होय'ने आहे म्हणून होय दाबले. 'नाही' दाबले असते तर कागद आणि संगणक यांत फरक पडला असता.

टाचणीबाई मागे उभ्या होत्या. "होय दाबलंस?"

"कागदावर खुलासा आहे ना, बाई."

"कागद इथेच राहतो. हेडमास्तरांकडे फक्त छापील सारांश जातो."

मूळ कागद आमच्याकडे सुरक्षित राहतो हे ऐकून मला बरे वाटले. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "किती वर्षांचा आहेस रे तू?" मी सांगितले. त्यांनी तीन टाचण्या तोंडात धरल्या आणि कागद टाचायला घेतले.


२१ मार्च, शुक्रवार

आज धीर करून साहेबांना विचारले. यादी उघडून तो अंगठा मावशीच्या अंगठ्याशी जुळवला तर एका मिनिटात कळेल.

साहेब म्हणाले, "हुशार आहेस. पण यादी मोहोरबंद आहे. उघडायला कोर्टाचा हुकूम लागतो."

"मग हुकूम मागू या."

"त्याला आधी पुरावा लागतो, काहीतरी घोटाळा झाल्याचा."

"पुरावा यादीत आहे, साहेब."

"बरोबर. आणि यादी मोहोरबंद आहे." त्यांनी मला स्वतःचा अर्धा चहा दिला. "अरे, तक्रार करणारा प्रत्येक जण खराच असतो. म्हणून काय रोज निवडणूक घ्यायची?"

मावशी रोज विचारते, "निघाला का रे अंगठा?" मी सांगतो, काम चालू आहे.


२८ मार्च, शुक्रवार

हेडमास्तरांचा अहवाल आला. आज अक्षर नीट येत नाही.

अहवालात आहे : मतदान शांततेत झाले. अर्जदाराच्या बोटावर खूण होती हे अर्जदारानेच कबूल केले आहे. त्याअर्थी अर्जदाराने सकाळी अंगठा देऊन मतदान केले व दुपारी पुन्हा मतदान करण्याचा प्रयत्न केला.

मी मूळ जबाब काढला आणि साहेबांसमोर ठेवला. नीळ आहे, साहेब, इथे लिहिले आहे. साहेबांनी शेवटपर्यंत वाचला. मान हलवली. म्हणाले, "छान लिहिलंयस. पण हे तूच लिहिलंयस ना? आता भाच्याचा कागद धरू की हेडमास्तरांचा?"

मग त्यांनी एक पाकीट दिले. मावशीच्या नावची नोटीस. खोटी तक्रार व दुबार मतदानाचा प्रयत्न, कारवाई का करू नये याचा सात दिवसांत खुलासा करावा.

"तुझ्याच घरी जायचंय. टपालाला कशाला त्रास? पोच घेऊन ये."

पाकीट घरी घेऊन गेलो. मावशीने आधी पोचेवर सही केली आणि मग विचारले, "आलं ना पत्र? निघाला?"


१ एप्रिल, मंगळवार

इस्पितळातही नोटिशीची नक्कल गेली. मुकादमाने मावशीला सांगितले, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नकोस. बाकीच्या बायका घड्या घालत राहिल्या, कुणी वर बघितले नाही, असे ती म्हणाली. ज्यांच्याबरोबर बावीस वर्षे एका पिळ्याची दोन टोके धरली त्या बायका.

सकाळी नेहमीच्या वेळी उठून बसली होती. मी विचारले, काय करतेस? म्हणाली, "काही नाही. उठायचं ठाऊक आहे, पुढचं ठाऊक नाही."

मला आता असे वाटते की तिला 'जाऊ दे' म्हणू दिले असते तर. पण मग अंगठा तसाच राहिला असता. मी बरोबर केले की चूक, हे कुणाला विचारावे कळत नाही. नियमाप्रमाणे केले, एवढे मात्र मला माहीत आहे.


४ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी दार लावून घेतले आणि मला बसवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्ची दिली.

"हे बघ, तुझी मावशी म्हणजे माझी बहीणच. एक अर्ज द्यायचा. गैरसमजातून तक्रार केली, मागे घेते. कारवाई बंद. मुकादमाला मी फोन करतो. आणि तुझं पण माझ्या मनात आहे. पुढच्या सहा महिन्यांचा हुकूम करायचाय, त्यात घरात खटला नको. खरं ना?"

मी बाहेर आलो तर टाचणीबाई म्हणाल्या, "काय दिलं? गूळ?"

"मदत करताहेत, बाई."

"करणारच. फळ्यावर एकच उरली आहे."

घरी मावशीला सांगितले. ती ऐकत होती. विचारले, "म्हणजे मी खोटं बोलले, असं लिहायचं?"

"खोटं नाही, गैरसमज."

"कुणाचा?"

मग तिनेच विचारले, "तुला काय वाटतं? तू सांगशील तसं करते."

माझ्या मनात लाँड्री होती. आणि हुकूम होता. दोन्ही होते, इथे खोटे लिहायचे नाही. मी म्हणालो, "देऊन टाकू."


७ एप्रिल, सोमवार

मावशीने धुतलेले पातळ नेसले होते. साहेब स्वतः उठून बाहेर आले, तिला खुर्ची दिली, पाणी दिले. मागे घेण्याचा अर्ज मीच लिहिला होता, तीनच ओळी.

मावशीने हात पुसला आणि पेन मागितले.

साहेब म्हणाले, "बाई, हात किती थरथरतोय तुमचा. सही कशाला? अंगठा चालेल."

"मी सही करते."

"करता हो, कोण नाही म्हणतंय? पण सही बिघडली तर कागद पुन्हा करायला लागेल. अंगठा चालेल."

त्यांनी शाईचा पॅड खणातून काढून टेबलावर ठेवलाच होता. टाचणीबाई उठल्या आणि पाण्याचा जग घेऊन बाहेर गेल्या. जग भरलेला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर सांडला.

मावशीने माझ्याकडे बघितले. साहेबांनीही बघितले. घाईत अंगठा लावला की डाग पडतो, म्हणून मी तिचा हात धरला, पॅडवर टेकवला आणि कागदावर सरळ दाबला. ठसा स्वच्छ उठला. रेषान्‌रेष दिसत होती.

"वा!" साहेब म्हणाले.

परत येताना मी म्हणालो, मिटलं एकदाचं. तिने अंगठा मुठीत धरला होता. मी रुमाल दिला तो तिने घेतला नाही.


१५ एप्रिल, मंगळवार

आदेश निघाला. मी सकाळपासून तो चार वेळा वाचला, म्हणजे मला कळला नाही असे नाही.

'अर्जदार सही करते, अंगठा देत नाही, असा अर्जदाराचा दावा आहे. तथापि अर्जदाराने कक्षात समक्ष अंगठा दिला आहे. जबाबाखालील सही अर्जदाराच्या भाच्याच्या हस्ताक्षराशी मिळतीजुळती असून तो याच कक्षात कामास असल्याने ती ग्राह्य धरता येत नाही. सबब तक्रार खोटी ठरवून निकाली काढण्यात येत आहे. वयाचा विचार करून पुढील कारवाई करण्यात येत नाही.'

मी साहेबांना म्हणालो, "मागे घेतली होती ना, साहेब?"

"मागे घेतलेल्या तक्रारीचं वर कारण विचारतात, की कुणी दबाव आणला का. खोटी असली की कुणी काही विचारत नाही."

"सही मिळतीजुळती आहे कारण तिला मी शिकवली."

"तेच तर लिहिलंय," साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. "तुझ्यावर काही येऊ दिलं नाही मी. सही तू केलीस असं लिहिता आलं असतं."

"नोटिशीच्या पोचेवर तिची सही आहे, साहेब. ती तिने घरी—"

"घरी. तुझ्यासमोर."

त्यांनी फळ्यावर शिल्लकच्या खाली शून्य काढले. दाराबाहेरच्या शिपायाने टाळ्या वाजवल्या. मग माझ्या हातात माझा सहा महिन्यांचा हुकूम दिला. त्यावर पोच म्हणून मी सही केली. सही करताना मला पहिल्यांदाच दिसले, की शेवटचे वळण मी आणि मावशी सारखेच काढतो.

टाचणीबाई जाताना म्हणाल्या, "अभिनंदन." त्यात टाचणी नव्हती. असती तर बरे झाले असते.


१८ एप्रिल, शुक्रवार

मुकादमाने मावशीला परत घेतले नाही. म्हणाला, खोटी तक्रार केली असा सरकारी कागद आहे, मी काय करू? साहेबांनी फोन केला होता का, हे मी त्यांना विचारले. त्यांनी केला होता. मुकादम जेवायला गेला होता म्हणाले.

मावशीने घरी इस्त्रीचे कपडे घ्यायला सुरुवात केली आहे. मी म्हणालो, माझा पगार आहे ना. ती म्हणाली, "तुझा तुला राहू दे."

पूर्वी कामावरून आल्यावर दिवसभराचे सांगायची. कुणाच्या चादरीत काय सापडले, मुकादम कुणावर ओरडला. आता मी काही विचारले तर हो किंवा नाही एवढेच म्हणते. काल मी म्हणालो, "नीट सांग ना, काय झालं?" ती म्हणाली, "नीटच सांगितलं होतं की एकदा."


२७ एप्रिल, रविवार

आज दुपारी एक बाई आल्या. लाँड्रीत मावशीच्या जागी नवीन लागल्या आहेत, पत्ता विचारत विचारत आल्या. मावशी इस्त्री करत होती, मी भिंतीशी जेवत होतो.

बाई दारातूनच बोलू लागल्या. त्यांचेही मत कुणीतरी आधीच देऊन टाकले होते. त्याच शाळेत. "तिथल्या मास्तरांनी मला पण हाकललं. म्हटलं, तुमचा भाचा त्या तक्रारीच्या ऑफिसात आहे असं बायका म्हणतात. तक्रारीची मुदत गेली म्हणा, पण ओळखीने घेत असतील तर. माझा मुलगा म्हणतो सोडू नकोस."

मावशीने इस्त्री उभी केली. "कुणी सांगितलं? माझं कुणी नाही त्या ऑफिसात."

"पण बायका म्हणाल्या—"

"बायका काय, काहीही म्हणतात. आणि तू तक्रारबिक्रार करू नकोस. नवीन लागली आहेस ना? घरी जा. मुलाला सांग, विसरून जा."

बाईंनी माझ्याकडे बघितले. मी घास तसाच हातात धरून होतो. "मग हे कोण?"

"हा भाडेकरू," मावशी म्हणाली. "दिवसभर कामावर असतो. आमचं फारसं बोलणं नाही." आणि तिने बाहीवरची सुरकुती काढायला घेतली.

काहीतरी बोलायला हवे होते. मी बाईंना म्हणालो, "बसा ना." भाडेकरूने दुसऱ्याच्या घरात 'बसा' म्हणावे का, हे माझ्या नंतर लक्षात आले.

बाई बसल्या नाहीत.